पत्ता कोण विचारतो?

काळ्या खिडकीत ‘पिंग’ ही सर्व्हरला हाक मारणारी आज्ञा आणि त्याचे नाव टाकले की सर्व्हर उत्तर देतो, चारही वेळा देतो. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच मिनिटाला, ब्राउजरमध्ये तेच नाव टाकले की उत्तर येते: या नावाचा पत्ता सापडत नाही. उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा. ब्राउजरमध्ये सगळ्या साइट व्यवस्थित उघडतात आणि पिंगला मात्र एकही नाव ओळखता येत नाही. शाळेची लॅब, कॉलेज, कार्यालय, कारखाना, जिथे जिथे इंटरनेट थेट न येता प्रॉक्सी नावाच्या मधल्या कॉम्प्युटरमधून येते तिथे हे घडते. त्यावर सहसा इलाजही ठरलेला असतो: विंडोज पुन्हा टाका. अर्धा दिवस जातो, फायली इकडच्या तिकडे होतात आणि अडचण जिथल्या तिथे राहते. कारण बिघाड झालेलाच नसतो. पिंगने पत्ता एकाला विचारलेला असतो, ब्राउजरने दुसऱ्याला.

हा विषय मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे असे वाटेल, पण त्याची गरज मला बिरशासारख्या ठिकाणी जास्त दिसते. बिरसा हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. मलाजखंडची तांब्याची खाण याच तहसिलीत, कान्हाचे जंगल जवळ आणि छत्तीसगडची हद्दही फार दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती. तेव्हा इकडच्या मराठी घरांची सोयरीक आणि थोडीफार शेती गोंदिया-भंडाऱ्याकडे असणे नवलाचे नाही. अशा घराला जमिनीचे कागद दोन राज्यांतून काढावे लागतात. मध्य प्रदेशातली खसरा-खतौनी ‘एमपीभूलेख.गव्ह.इन’ वर आणि महाराष्ट्रातला सातबारा ‘भूलेख.महाभूमी.गव्ह.इन’ वर. ऑनलाइनच्या दुकानात बसलेल्या पोराला दोन्ही नावे पाठ असतात. ती टाइप केल्यावर पुढे काय होते हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि अडचण आली की शहरातून माणूस यायला दोन दिवस लागतात. म्हणून हे जरा सविस्तर.

नाव टाइप केले की कॉम्प्युटरला पहिल्यांदा त्या नावाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, शोधावा लागतो. सुरुवातीच्या काळात हे काम एका यादीवर चाले. अमेरिकेतल्या अर्पानेटवर जेवढे कॉम्प्युटर होते त्यांची नावे आणि पत्ते ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाच्या एका फाइलीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे लोक ती फाइल सांभाळत आणि बाकीचे सगळे तिची नक्कल उतरवून घेत. यादी फुगत गेली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली: एकच यादी ठेवायची नाही, प्रत्येकाने आपल्या हद्दीतल्या नावांचा हिशेब आपण ठेवायचा आणि विचारणाऱ्याला योग्य दाराकडे धाडायचे. आपल्या ‘.इन’चा कारभार २००४ पर्यंत मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता आणि २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे आला.

जुनी यादी मेली नाही. आजही प्रत्येक विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’, त्यात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’ अशा फोल्डरात आणि प्रत्येक लिनक्समध्ये ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाची साधी फाइल असते. तिच्यात एका ओळीवर आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव. कॉम्प्युटरला एखादे नाव हवे असले की तो आधी आपल्या आठवणीत बघतो, मग या होस्ट्स फाइलीत आणि तिथेही नसले तर डीएनएस सर्व्हरला विचारतो. म्हणजे होस्ट्स फाइलीत तुम्ही लिहिलेले जगाच्या डीएनएसच्या वर चालते. नवी वेबसाइट बनवणारे याचा रोज उपयोग करतात. साइट अजून तयार व्हायची आहे, नाव जुन्या सर्व्हरकडे जाते, पण आपल्या कॉम्प्युटरवर ते नव्याकडे वळवून बघायचे आहे, तर होस्ट्समध्ये एक ओळ टाकली की काम झाले.

आणि इथेच प्रॉक्सी आडवा येतो.

वेब प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने पाने आणून देणारा मधला कॉम्प्युटर. १९९४ मध्ये सर्न या संशोधन संस्थेतल्या आरी लुओटोनेन यांनी केविन अल्टिस यांच्याबरोबर ही कल्पना मांडली. संस्थेच्या भिंतीआडच्या कॉम्प्युटरांना बाहेरचे वेब दाखवायचे आणि एकदा आणलेले पान साठवून पुढच्याला तेच द्यायचे, असा दुहेरी हेतू होता. १९९६ मध्ये स्क्विड हा फुकट प्रॉक्सी आला आणि कॉलेजा-कॉलेजात बसला. पवईच्या आयआयटीत ‘नेटमॉन’ नावाच्या प्रॉक्सीतून बाहेर जाण्यात विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या गेल्या. ब्राउजरमध्ये त्याचे नाव भरा, मग टर्मिनलमध्ये वेगळे भरा, मग गिटमध्ये वेगळे भरा, हा तिथल्या प्रत्येकाचा पहिल्या आठवड्याचा उद्योग असे. एकच कॉम्प्युटर, पण प्रत्येक प्रोग्रामला प्रॉक्सी स्वतंत्रपणे सांगावा लागतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

ब्राउजर नेमके काय बोलतो ते जवळून पाहू. (नावे इथे देवनागरीत लिहितो आहे, ब्राउजर ती रोमन अक्षरांत पाठवतो.) प्रॉक्सी नसेल तर ब्राउजर आधी नावाचा पत्ता काढतो, त्या पत्त्याशी जोडणी करतो आणि मग पहिली ओळ धाडतो:

गेट /यादी एचटीटीपी/१.१

या ओळीत साइटचे नाव नाही. त्याची गरजच नाही, कारण आपण त्या दारात उभेच आहोत. नाव खालच्या ‘होस्ट’ या ओळीत येते. आता ब्राउजरला प्रॉक्सी भरून दिला की तीच ओळ अशी होते:

गेट एचटीटीपी://पुस्तकालय.शाळा/यादी एचटीटीपी/१.१

आणि साइट कुलूपवाली, म्हणजे एचटीटीपीएस असेल, तर अशी:

कनेक्ट भूलेख.महाभूमी.गव्ह.इन:४४३ एचटीटीपी/१.१

पत्ता कुठेच नाही. ब्राउजरने तो काढलाच नाही. त्याने फक्त प्रॉक्सीशी जोडणी केली आणि नाव जसेच्या तसे त्याच्या हवाली केले. पुढे प्रॉक्सी स्वतःच्या डीएनएसला विचारतो, पत्ता मिळवतो आणि जोडून देतो. बालाघाटला निघालेल्या शेजाऱ्याला आपण दुकानाचे नुसते नाव सांगतो. दुकान कुठे आहे ते तो तिथे गेल्यावर विचारून घेतो आणि आपल्या घरातल्या वहीत त्या दुकानाचा कोणता पत्ता लिहिला आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. ती घरातली वही म्हणजे तुमची होस्ट्स फाइल.

एवढे ध्यानात आले की पहिल्या परिच्छेदातली दोन्ही कोडी सुटतात. पिंगला प्रॉक्सी माहीतच नाही. तो कॉम्प्युटरच्याच यंत्रणेला विचारतो, होस्ट्स फाइल वाचतो आणि उत्तर मिळवतो. ब्राउजर प्रॉक्सीला विचारतो, प्रॉक्सीच्या डीएनएसला ते नाव ठाऊक नाही, म्हणून पान येत नाही. उलट्या प्रकारात संस्थेने आतल्या कॉम्प्युटरांना बाहेरचा डीएनएस दिलेलाच नसतो. ब्राउजरला त्याची गरज पडत नाही, कारण विचारण्याचे काम प्रॉक्सी करतो. पिंगला गरज पडते, म्हणून तो अडतो. यात तिसरा साक्षीदार ‘एनएसलुकअप’. तो होस्ट्स फाइल न बघता थेट डीएनएसला विचारतो, त्यामुळे त्याचे उत्तर आणखी वेगळे असू शकते. तिघांची तीन उत्तरे आली म्हणजे तिघांपैकी कोणी खोटे बोलते आहे असे नाही.

यावरून नेहमीचे बरेच उपाय प्रॉक्सीसमोर का फुकट जातात तेही कळते. होस्ट्समध्ये ओळ टाकणे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ भरणे, कमांड देऊन डीएनएसची आठवण पुसणे, ब्राउजरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू करणे, हे सगळे तुमच्या कॉम्प्युटरच्या विचारण्यावर परिणाम करते आणि तुमचा कॉम्प्युटर तर विचारतच नाही. दुरुस्ती प्रॉक्सीवर व्हायला हवी. स्क्विड सुरू होताना ज्या कॉम्प्युटरवर तो चालतो तिथली होस्ट्स फाइल वाचतो, तेव्हा ओळ तिथे टाकून स्क्विडला नव्याने वाचायला लावले की सगळ्या लॅबला ती लागू होते. शिवाय प्रॉक्सीला स्वतःची आठवण असते. स्क्विड सापडलेला पत्ता मुळात सांगितल्यापेक्षा जास्त काळ धरून ठेवत नाही आणि सेटिंग बदललेले नसेल तर कमाल ६ तास ठेवतो. न सापडलेले नाव तो साधारण एक मिनिट ‘नाही’ म्हणून लक्षात ठेवतो. एखाद्या साइटचा पत्ता बदलल्यावर मोबाइलवर ती उघडते आणि लॅबमध्ये काही तास उघडत नाही, त्यामागे बहुधा हेच असते.

तुमच्या कॉम्प्युटरकडे मग पत्ता काढण्याचे काम अजिबात उरत नाही का? एक उरते: खुद्द प्रॉक्सीच्या नावाचे. सेटिंगमध्ये प्रॉक्सीचे नाव भरले असेल आणि त्याचा पत्ता स्थानिक डीएनएसला सापडला नाही, तर एकही साइट उघडणार नाही, जरी बाकी सगळे ठीक असले तरी. म्हणून लहान लॅबमध्ये प्रॉक्सी नावाने न भरता आकड्याने भरणे मी जास्त पसंत करतो. दुसरे एक काम आपल्या लिपीशी जोडलेले आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी टोक वापरात आले आणि मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत साइटची नावे घेता येऊ लागली. साइटच्या नावांत मात्र डीएनएससाठी आजही रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच वापरतात. त्यामुळे ‘भारत’ या अक्षरांचे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे रूप केले जाते, आणि हे रूपांतर प्रॉक्सीकडे जाण्याआधी तुमच्याच ब्राउजरमध्ये होते. प्रॉक्सीच्या नोंदवहीत ‘एक्सएन’ने सुरू होणारी विचित्र नावे दिसली तर व्हायरस आला म्हणून घाबरू नये; कोणीतरी आपल्या भाषेत नाव टाइप केले आहे.

आता सगळ्यात कामाचा भाग. इंटरनेटची लाइन बेभरवशाची असली की शाळेने आपल्याच खोलीत एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवावा, त्यावर किविक्स या इंटरनेटविना वाचायच्या प्रोग्राममधली विकिपीडियाची प्रत आणि पुस्तके भरावीत आणि मुलांनी ती लाइन बंद असतानाही वाचावीत, ही फार चांगली सोय आहे. समजा अशा सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलीत त्याच्यासमोर ‘पुस्तकालय.शाळा’ असे नाव लिहिले. पिंग उत्तर देतो. ब्राउजर मात्र शेजारच्या टेबलावरचा सर्व्हर सोडून नाव घेऊन प्रॉक्सीकडे जातो आणि प्रॉक्सी बाहेरच्या जगात ‘पुस्तकालय.शाळा’ शोधायला निघतो. ते नाव सापडत नाही आणि स्क्विडचे इंग्रजी पान येते की या नावावरून पत्ता ठरवता आला नाही. लाइन बंद असेल तर तेही उशिरा येते. मुले पुस्तकाविना बसतात, आणि पुस्तक त्याच खोलीत असते.

इलाज असा की ब्राउजरला सांगायचे: हे नाव प्रॉक्सीकडे नेऊ नकोस. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये अपवादांचा एक चौकोन असतो, त्यात नाव लिहायचे. त्याच्याजवळच ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नका’ अशा अर्थाची खूण करायची जागा असते आणि बहुतेक जण ती खूण करून मोकळे होतात. तिथे फसगत आहे. विंडोजच्या लेखी ‘स्थानिक’ म्हणजे ज्या नावात टिंब नाही ते. नुसते ‘पुस्तकालय’ असे नाव असते तर ते थेट गेले असते. ‘पुस्तकालय.शाळा’ यात टिंब आहे, म्हणून ते प्रॉक्सीकडे जाते. गंमत म्हणजे १९२.१६८.१.१० या आकड्यांतही टिंबे आहेत, म्हणून डोळ्यांसमोरच्या सर्व्हरचा आकडी पत्ता टाकला तरी विंडोज तो परका समजते. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातच हे वागणे लिहून ठेवलेले आहे. तेव्हा चौकोनात ‘पुस्तकालय.शाळा’ आणि ‘१९२.१६८.*’ ही दोन्ही लिहावीत. फक्त दुसरे लिहून भागत नाही, कारण ही तुलना अक्षरांची अक्षरांशी होते. नावाचा पत्ता काढून मग तो १९२.१६८ मध्ये बसतो का असे पाहिले जात नाही.

काळ्या खिडकीत आज्ञा देऊन चालवायच्या प्रोग्रामांचा अपवाद वेगळा. कर्ल, गिट, पायथनचा पिप हे ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ आणि ‘नो_प्रॉक्सी’ या नावांच्या सेटिंगकडे बघतात. इथे ‘लोकलहोस्ट’ हे नाव विशेष घात करते. लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. आजचे ब्राउजर ते नाव प्रॉक्सीकडे पाठवत नाहीत, पण कर्लला ‘नो_प्रॉक्सी’मध्ये सांगितले नाही तर तो पाठवतो, आणि प्रॉक्सीच्या तोंडी ‘मी स्वतः’ म्हणजे प्रॉक्सी. स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलेला सर्व्हर ब्राउजरमध्ये दिसतो आणि कर्लला दिसत नाही, यावर नव्या पोरांच्या रात्री जातात. त्यांना कोणीतरी हे एक वाक्य वेळेवर सांगायला हवे.

मोठ्या संस्था अपवाद हाताने भरत बसत नाहीत. नेटस्केपने १९९६ मध्ये पॅक फाइलीची युक्ती काढली: एक छोटा प्रोग्राम, जो प्रत्येक साइटसाठी थेट जायचे की प्रॉक्सीने, ते ठरवतो. त्यात ‘हा पत्ता आपल्या आतल्या जाळ्यातला आहे का’ असे विचारणारी एक सोय आहे, ‘इझ-इन-नेट’. ती वापरली की नावाचा पत्ता आधी तुमच्याच कॉम्प्युटरला काढावा लागतो. ज्या लॅबमध्ये बाहेरचा डीएनएस बंद आहे तिथे प्रत्येक नव्या नावासाठी ब्राउजर उत्तराची वाट बघत थांबतो, थकतो आणि मग प्रॉक्सीकडे वळतो. आजच्या एकेका पानात वीस-वीस ठिकाणचे तुकडे असतात, त्यामुळे पान उघडायला मिनिट लागते आणि दोष लाइनला दिला जातो. पॅक फाइल लिहिताना आधी नावावरून होणाऱ्या तपासण्या उरकाव्यात आणि पत्ता काढायला लावणारी तपासणी शक्य तर टाकूच नये.

आतापर्यंत सांगितले ते ब्राउजरला प्रॉक्सी माहीत आहे असे धरून. काही ठिकाणी तो माहीत नसतो. राउटरच जाणारी-येणारी वाहतूक गुपचूप प्रॉक्सीकडे वळवतो. याला पारदर्शक प्रॉक्सी म्हणतात. तिथे चित्र पालटते. ब्राउजर नेहमीसारखा स्वतः पत्ता काढतो, होस्ट्स फाइल चालते, डीएनएस बदलला तर बदल जाणवतो. पण साध्या एचटीटीपीच्या बाबतीत प्रॉक्सी ‘होस्ट’च्या ओळीतले नाव वाचून पुन्हा एकदा पत्ता काढतो आणि तुम्ही ज्या पत्त्याकडे निघाला होता त्याच्याशी ताडून बघतो. मोठ्या साइटचे पत्ते विचारणाऱ्याच्या ठिकाणाप्रमाणे बदलतात. तुम्ही गूगलच्या डीएनएसला विचारले आणि प्रॉक्सीने लाइनवाल्याच्या डीएनएसला, तर दोघांची उत्तरे जुळत नाहीत. स्क्विडच्या ३.२ आणि पुढच्या आवृत्त्या अशा वेळी बनावट होस्टचा इशारा नोंदवतात आणि ते पान साठवत नाहीत. कडक सेटिंग असेल तर विनंतीच नाकारतात. यावर उपाय सोपा आहे: लॅबचे सगळे कॉम्प्युटर आणि प्रॉक्सी यांनी एकाच डीएनएसला विचारावे.

सॉक्स नावाचा प्रॉक्सीचा दुसरा प्रकार या दोन्हींच्या मधला. त्याच्या चौथ्या आवृत्तीत फक्त आकडी पत्ता पाठवता येई, म्हणजे नाव घरीच सोडवावे लागे. ‘४ए’ने नाव पाठवायची सोय केली आणि मार्च १९९६ मध्ये ठरलेल्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही चालते, निवड प्रोग्रामची. म्हणूनच कर्लमध्ये ‘सॉक्स५’ लिहिले तर नाव तुमचा कॉम्प्युटर सोडवतो आणि शेवटी ‘एच’ जोडून ‘सॉक्स५एच’ लिहिले तर प्रॉक्सी सोडवतो. एका अक्षराचा फरक, पण ज्याने आपले वाचन कोणाला कळू नये म्हणून सॉक्स घेतला आहे त्याच्यासाठी तो मोठा आहे: नावे घरीच सोडवली गेली तर लाइन देणाऱ्याच्या डीएनएसला तुम्ही कुठे कुठे गेलात ते कळतच राहते.

साध्या वेब प्रॉक्सीत हीच माहिती प्रॉक्सी चालवणाऱ्याकडे जमा होते. एचटीटीपीएसमुळे पानातला मजकूर त्याला दिसत नाही. ‘कनेक्ट’च्या ओळीतले नाव दिसते आणि स्क्विडच्या नोंदवहीत ते वेळेसकट आणि कोणत्या कॉम्प्युटरवरून विचारले त्यासकट उतरते. आपल्या कॉम्प्युटरचा डीएनएस बदलून ही नोंद टळत नाही, कारण नाव प्रॉक्सीच्याच हातात दिलेले असते. गावातल्या ऑनलाइन केंद्रात माणसे जमिनीचे, बँकेचे, दवाखान्याचे काम घेऊन येतात. कोणाचे काय चालले आहे ते अशा नावांच्या यादीवरून पुष्कळदा ओळखता येते. ज्याच्या ताब्यात प्रॉक्सी आहे त्याने ही नोंदवही कोण उघडू शकतो ते आधी बघावे, किती दिवसांच्या नोंदी ठेवायच्या ते ठरवावे आणि त्यापुढच्या आपोआप पुसल्या जातील अशी सोय प्रॉक्सी बसवतानाच करून ठेवावी.